पंधरा दिवसांची नोटीस

सोलापुरात आम्ही राहायचो त्या वाड्यात सात खोल्या होत्या आणि सातही भाड्याच्या. शेवटच्या खोलीत एक खाला राहायच्या. खालू वारले होते, मुलगा लहान होता, खाला दिवसभर विड्या वळायच्या. भाडे महिना तीस रुपये. गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा सात वर्षांची होते.

एके दुपारी पोस्टमन रजिस्टरचे लांब पाकीट घेऊन आला. सही करा म्हणाला. खालांनी विड्यांचे सूप बाजूला ठेवले, पाकिटाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. शेजारणींपैकी कुणीतरी म्हणाले, "नक्को ले, लिये तो लागू होता बोलते लोगां." खालांनी पाकीट घेतले नाही. पोस्टमनने त्यावर काहीतरी लिहिले आणि तो निघून गेला. बायकांना वाटले, बला टळली.

दोन वर्षांनी खालांची खोली गेली. सामान बाहेर काढले त्या दिवशी मी शाळेतून येत होते. पितळेची कळशी, शिलाई मशीन, गुंडाळलेली गादी, सगळे बोळात मांडलेले. त्या पाकिटात काय होते हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. आठ महिन्यांचे भाडे थकले आहे, एका महिन्याच्या आत भरा, न भरल्यास ताब्यासाठी दावा लावू, एवढाच त्याचा मतलब होता. आठ महिन्यांचे दोनशे चाळीस रुपये. वाड्यातल्या सहा घरांनी मिळून तेवढे सहज जमवले असते. पण पाकीट उघडलेच नव्हते, मग जमवणार कशासाठी?

मालकाने त्यात कायद्याबाहेर काही केले नव्हते, हे मला आज लिहावे लागते. चूक कुणाची हे ठरवण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. घर खाली करण्याची नोटीस ही चीज आली कुठून, ती कशी बदलत गेली आणि तिच्यात भाडेकरूला किती दिवसांची सवड मिळत गेली, हे सांगायचे आहे. कारण आपल्या मोहल्ल्यांत अजूनही त्या पाकिटापुढे हात मागे घेतला जातो.

फिकहमधला 'दरमहा'

भाड्याच्या घराचा प्रश्न जुना आहे. आपल्या फुकहांनी त्यावर बारकाईने विचार केला होता. फिकहमध्ये भाडेकराराला इजारा म्हणतात. मराठीत 'इजारा' हा शब्द आला तो तिथूनच, पुढे त्याचा अर्थ मक्ता असा झाला. उर्दूतला 'किराया'सुद्धा अरबी मुळाचा.

हनफी फिकहचा प्रमाण ग्रंथ म्हणजे 'हिदाया'. तो लिहिला बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी. ते आजच्या उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातले, ११९७ मध्ये वारले. त्यांनी नेमका आपला प्रश्न घेतला आहे. एखाद्याने 'दरमहा इतके' असे ठरवून घर घेतले आणि किती महिने हे ठरवलेच नाही, तर करार काय? त्यांचे उत्तर असे की करार पहिल्या महिन्यापुरता पक्का. पुढचे महिने मोजलेले नाहीत, म्हणून त्यांचा करार आधीच पक्का धरता येत नाही. पण दुसरा महिना लागला आणि भाडेकरू त्यात थोडा वेळ जरी राहिला, तरी तो महिना पक्का झाला. आता मालकाला त्याला महिना संपेपर्यंत काढता येत नाही. तिसऱ्या महिन्याचेही तसेच.

मग करार मोडायचा केव्हा? हनफी परंपरेत पुढे मान्य झालेले मत असे की नव्या महिन्याची पहिली रात्र आणि पहिला दिवस ही दोघांच्या निवडीची वेळ. मालकालाही मोडता येतो, भाडेकरूलाही. तो दिवस गेला की दोघेही महिनाभर बांधलेले. उस्मानी साम्राज्यात अहमद जेवदत पाशा यांच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार झाली, १८५१ कलमांची. तिच्यातही महिनेवारी भाड्यासाठी हाच नियम कलम म्हणून लिहिला गेला.

महिना मोजायचा कसा, हेही ठरलेले होते. करार चांद दिसल्या दिवशी झाला तर महिना चंद्राप्रमाणे. मधल्या तारखेला झाला तर दिवस मोजून.

या नियमाचे गुण आणि उणिवा दोन्ही दिसतात. गुण असा की नियम दोन्ही बाजूंना सारखा आहे आणि महिन्याच्या मध्ये कुणाला रस्त्यावर काढता येत नाही. उणीव अशी की आगाऊ सूचनेची वेगळी मुदत त्यात नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी मालकाने 'नको' म्हटले की भाडेकरूला नवे घर शोधायला फार वेळ उरत नाही. ज्या शहरांत घरे मिळत होती आणि माणसे एकमेकांना ओळखत होती, तिथे हे चालून गेले असेल. गिरण्यांच्या शहरात ते चालण्यासारखे नव्हते.

१८८२ चा कायदा आणि आपण

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून चार्ल्स हॅमिल्टनने 'हिदाया'चे इंग्रजी भाषांतर केले. ते १७९१ मध्ये छापले गेले. त्यात इजाऱ्याचा भागही आहे. म्हणजे इंग्रज न्यायाधीशांच्या टेबलावर हा नियम पोहोचला होता. पण कंपनीच्या न्यायालयांत मुस्लिम कायदा चालला तो मुख्यतः निकाह, वारसा आणि धार्मिक बाबतींत. घरभाड्याच्या बाबतीत हळूहळू इंग्लंडची रीत आली.

ती रीत कायद्यात उतरली १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात. १ जुलै १८८२ पासून तो लागू झाला, पण मुंबई इलाख्याला नाही. मुंबई इलाख्यात तो आला १ जानेवारी १८९३ पासून.

आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो की मुसलमानांच्या मालमत्तेला शरीयतचा कायदा लागतो. हा समज अर्धवट आहे. १८८२ च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे की त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचा मुस्लिम कायद्याच्या नियमांवर परिणाम होणार नाही. हे फक्त दुसऱ्या प्रकरणापुरते. हिब्याच्या बाबतीत पुढे आणखी एक सूट आहे. भाडेपट्टा मात्र पाचव्या प्रकरणात येतो आणि तिथे अशी सूट नाही. म्हणून घर मुसलमानाचे असो, भाडेकरू मुसलमान असो, भाड्याचा नियम सर्वांना एकच. 'हिदाया'तला महिन्याचा पहिला दिवस भारतात न्यायालयापुरता तिथेच थांबला.

या पाचव्या प्रकरणातले १०६ वे कलम म्हणजे आपल्या नोटिशीचे जन्मस्थान. ते असे सांगते की वेगळा करार, स्थानिक कायदा किंवा रूढी नसेल तर शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी दिलेली जागा वर्षावारी समजावी आणि तिला सहा महिन्यांची नोटीस लागेल. बाकी सगळ्या जागा, म्हणजे राहती घरे, दुकाने, गाळे, महिनेवारी समजाव्यात आणि त्यांना पंधरा दिवसांची नोटीस लागेल. ही नोटीस मालकानेही द्यायची आणि सोडून जाणाऱ्या भाडेकरूनेही.

नोटीस लेखी हवी, देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने कुणाची तरी सही हवी. ती पोहोचवण्याच्या रीतीही कलमातच आहेत. टपालाने पाठवावी, किंवा त्या माणसाच्या हातात द्यावी, किंवा त्याच्या घरी त्याच्या कुटुंबातल्या माणसाजवळ वा नोकराजवळ द्यावी. हे शक्य झाले नाही तर जागेच्या ठळक दिसेल अशा भागावर, म्हणजे बहुधा दारावर, चिकटवावी. दार हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नाही.

तारखेचा गुंता

मूळ कलमात आणखी एक अट होती. पंधरा दिवस तर हवेतच, पण नोटिशीची मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीला संपली पाहिजे. वाचायला सोपे वाटते, पण पिढ्यान्‌पिढ्या वकिलांचे पोट या ओळीवर भरले.

समजा, भाडे एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत मोजले जाते. १० जूनला नोटीस मिळाली आणि ३० जूनला घर सोडा असे म्हटले, तर ती बरोबर. २० जूनला मिळाली आणि ३० जूनच सांगितली, तर दहाच दिवस झाले, नोटीस रद्द. १ जूनला मिळाली आणि २० जूनला सोडा म्हटले, तर दिवस पंधराहून जास्त आहेत, पण महिना मध्येच तुटतो. तीही रद्द. आणि भाड्याचा महिना अकरा तारखेपासून सुरू होत असेल तर सगळा हिशेब पुन्हा वेगळा. महिना कोणता, हेही आता ठरले होते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात महिना म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरचा महिना अशी व्याख्या आली. चांद बघून महिना मोजणे संपले.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात घेण्यासारखी आहे. महिना मध्ये तोडायचा नाही, हा विचार 'हिदाया'तही होता आणि लंडनच्या रीतीतही होता. दोन वेगळ्या परंपरा, एकमेकींपासून दूर वाढलेल्या, पण महिन्याचे भाडे घेतले तर महिनाभर डोक्यावर छप्पर राहू द्यावे, इथे दोघी एकत्र येतात.

दुसरे साम्य असे. 'हिदाया'त नव्या महिन्यात थोडा वेळ राहिले की करार पुन्हा पक्का होतो. १८८२ च्या कायद्यातही ११३ वे कलम आहे. नोटिशीची मुदत संपल्यावर मालकाने पुढच्या दिवसांचे भाडे भाडे म्हणून स्वीकारले आणि करार चालू ठेवण्याचा त्याचा हेतू दिसला, तर नोटीस सोडून दिली असे धरता येते. म्हणूनच नोटीस दिल्यावर मालक पावती फाडायला तयार नसतात. भाडे घ्यायचे तर 'नुकसानभरपाई म्हणून' असे लिहून घेतात.

तारखेच्या चुकांवर न्यायालये फार कडक होऊ नयेत, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये कलकत्त्याकडच्या हरिहर बॅनर्जी विरुद्ध रामशशी रॉय या खटल्यात सांगितले. नोटीस वाचायची ती दोष काढण्यासाठी नव्हे, तर ज्याला पाठवली त्याला तिचा अर्थ कळण्यासारखा होता की नाही हे पाहण्यासाठी. रजिस्टर टपालाने नीट पत्ता घालून पाठवलेली नोटीस पोहोचली असे मानता येते, हेही त्या निकालात आहे.

तरीही तारखेवरून दावे पडतच राहिले. अखेर २००२ च्या शेवटी १०६ वे कलम बदलले. आता पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्या दिवसापासून. महिन्याच्या अखेरीची अट गेली. नोटिशीत लिहिलेली मुदत कमी असली, पण दावा मात्र पूर्ण मुदत उलटल्यावर लावलेला असेल, तर तेवढ्यावरून नोटीस रद्द होत नाही. वकिलांच्या युक्त्या कमी झाल्या, पण महिना न तोडण्याचा जुना विचारही त्यासोबत कायद्यातून गेला. याची फारशी चर्चा झाली नाही.

युद्ध, गिरण्या आणि भाडे कायदा

पंधरा दिवसांची नोटीस ठीक आहे, पण पंधरा दिवसांत दुसरे घर मिळाले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरे मिळेनाशी झाली. माणसे येत राहिली, बांधकाम थांबले, भाडी चढली. मालकाला जास्त भाडे देणारा मिळाला की जुन्या भाडेकरूला नोटीस द्यायची, एवढे सोपे होते. म्हणून १९१८ मध्ये मुंबईत युद्धकाळापुरता भाडे निर्बंध कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पुन्हा तेच घडले. १९३९ आणि १९४४ चे कायदे आले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यात १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरले.

या कायद्याने नोटिशीचा अर्थच बदलला. आधी नोटीस दिली आणि मुदत संपली की भाडेकरूचा हक्क संपत होता. आता बाराव्या कलमाने सांगितले की भाडेकरू प्रमाण भाडे भरत असेल किंवा भरायला तयार असेल, तोवर मालकाला ताबा मागता येणार नाही. ताबा हवा तर तेराव्या कलमातले कारण हवे. स्वतःला खरोखर गरज आहे, भाडेकरूने पोटभाडेकरू घातला आहे, जागा सहा महिने विनाकारण बंद ठेवली आहे, अशी कारणे. आणि भाडे थकले म्हणून दावा लावायचा तर आधी थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्यायची आणि एक महिना थांबायचे.

मग प्रश्न आला की १०६ कलमाची पंधरा दिवसांची नोटीसही द्यावी लागेल का? सुरुवातीला न्यायालये म्हणत, हो, दोन्ही हव्यात. १९७९ मध्ये धनपाल चेट्टियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ठरवले की जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथे १०६ कलमाच्या नोटिशीची गरज नाही. नुसत्या नोटिशीने भाडेकरू निघतच नसेल तर ती देऊन उपयोग काय, असा त्यामागचा विचार. भाडे कायद्यात सांगितलेली थकबाकीची नोटीस मात्र राहिली.

खालांचे पाकीट

आता मी वाड्यात परत येते. खालांना आलेली नोटीस ती हीच, बाराव्या कलमाची. त्या वेळी नियम असा होता की भाडे महिनेवारी आहे, प्रमाण भाड्याबद्दल वाद नाही, थकबाकी सहा महिन्यांची किंवा जास्त आहे आणि नोटिशीनंतर महिनाभरात ती भरली नाही, तर न्यायालयाने ताब्याचा हुकूम द्यायचाच. न्यायाधीशाच्या मनात दया असली तरी हात बांधलेले. त्या एका महिन्यात थकबाकी भरता येत होती. भाडे जास्त आहे असे वाटत असेल तर प्रमाण भाडे ठरवून घेण्याचा अर्ज करता येत होता. तो महिना पाकीट परत पाठवण्यात गेला.

पोस्टमनने पाकिटावर लिहिले ते 'घेण्यास नकार'. कायद्यात त्याचा अर्थ 'मिळाले नाही' असा होत नाही. नीट पत्त्यावर, तिकीट लावून रजिस्टरने पाठवलेले पत्र पोहोचले असे जनरल क्लॉजेस कायद्याचे २७ वे कलम मानते. नकाराचा शेरा मारून परत आलेली नोटीस पोहोचली असेच धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच स्पष्ट केले होते. तसे नाही हे सिद्ध करायचे तर ते भाडेकरूने करायचे. म्हणजे वाड्यातला सल्ला नेमका उलटा होता. न घेतलेले पाकीटसुद्धा लागू होत होते. फरक एवढाच की घेतले असते तर आत काय आहे ते कळले असते.

खालांचा हुकूम झाला १९८६ मध्ये. १९८७ मध्ये महाराष्ट्रात हे कलम बदलले. दावा लागल्यावरही न्यायालयात थकबाकी, व्याज आणि खर्च भरून, पुढेही नियमित भाडे देत राहून भाडेकरूला घर वाचवता येऊ लागले. जेमतेम एका वर्षाचे अंतर. मी हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्ष पुन्हा तपासून पाहिले.

अडचणीत असलेल्या कर्जदाराला हात सैल होईपर्यंत सवड द्यावी, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे. आपल्याकडे वाजमध्ये ते पुष्कळदा ऐकायला मिळते. १९८७ च्या दुरुस्तीत मला तोच विचार कायद्याच्या भाषेत दिसतो. ती कुणी कुठल्या धर्माचा विचार करून केली नव्हती. पण चांगला विचार कुठल्या दारातून आला हे महत्त्वाचे नाही.

नव्वद दिवस आणि अकरा महिने

गोठवलेल्या भाड्याने मालकांवरही अन्याय होत होता. १९४० चे भाडे आणि १९९० ची दुरुस्ती, हा हिशेब जुळणार कसा? इमारती खचत गेल्या, पागडी वाढली. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात पागडीलाही कायद्याने मान्यता मिळाली. थकबाकीच्या नोटिशीनंतर मालकाने थांबायची मुदत एका महिन्यावरून नव्वद दिवस झाली. दावा लागून समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, वर्षाला पंधरा टक्के व्याज आणि खर्च न्यायालयात भरले, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही.

म्हणजे बघा, महिन्याचा पहिला दिवस, मग पंधरा दिवस, मग एक महिना, मग नव्वद दिवस. सवड वाढत गेली. इथेच लेख संपवता आला असता, पण ते खरे झाले नसते.

कारण आज आपल्यापैकी किती जण 'भाडेकरू' आहेत? १९७३ मध्ये कायदा झाला की १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर जागेत राहणारे भाडेकरूच समजावेत. मालक घाबरले. त्यानंतर घरे दिली जातात ती 'लीव्ह अँड लायसन्स'वर, बहुधा अकरा महिन्यांसाठी. १९९९ च्या कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. पण अशा माणसाला कायदा भाडेकरू मानत नाही. त्याला ना पंधरा दिवस, ना नव्वद. मुदत संपली की घर सोडायचे. न सोडल्यास चोविसाव्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते. मुदतीच्या आत करार मोडायचा तर किती दिवस आधी सांगायचे, हे फक्त करारात लिहिले असेल तेवढेच. बहुतेक करारांत एक महिना लिहिलेला असतो. ते कलम सही करण्यापूर्वी वाचतो कोण?

आणि मोठ्या कंपन्या, बँका भाड्याने घेतात त्या जागांना भाडे नियंत्रण लागू नाही. एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपनीला मालकाने आजही १०६ कलमाची पंधरा दिवसांची नोटीस द्यायची असते. गिरणी कामगाराच्या काळातले कलम आता बँकेच्या शाखेला लागते.

आपल्या लोकांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. नाव सांगितल्यावर घर मिळत नाही, हा अनुभव पुष्कळांना आहे. मलाही आहे. ज्याला दुसरे घर सहज मिळत नाही, त्याच्यासाठी नोटिशीतला एकेक दिवस दुसऱ्यापेक्षा लहान असतो. अकरा महिन्यांतले शेवटचे दोन महिने घर शोधण्यातच जातात.

मालक आपणही असतो

एक बाजू आपण बोलत नाही ती अशी. मशिदी, दर्गे, अंजुमन यांचे गाळे आणि खोल्या असतात. तिथे मालक म्हणजे ट्रस्ट, आणि सही करणारे आपल्यातलेच. जुन्या हनफी नियमाप्रमाणे मुतवल्लीने वक्फचे घर एका वर्षाहून अधिक मुदतीने देऊ नये, असा दंडक होता. १९९५ च्या वक्फ कायद्याने तीन वर्षांहून जास्त मुदतीचे पट्टे निरर्थक ठरवले, पुढे २०१३ मध्ये काही वापरांसाठी मुदत वाढली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की वक्फच्या भाडेकरूला काढण्याचा दावा ट्रायब्युनलपुढे चालणार नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तो अधिकार ट्रायब्युनलला दिला.

या सगळ्यात कमिटीने लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे. जुम्याच्या नमाजनंतर कुणाला बाजूला घेऊन 'गाला खाली कर' म्हणणे ही नोटीस नव्हे. नोटीस लेखी असते, कारण तिच्यात लिहिलेले असते, तारीख असते, सही असते. तोंडी धमकीत यातले काही नसते. जो भाडेकरू थकला आहे त्याला कागद देणे हा त्याचा अपमान नाही. उलट त्याच्याजवळ किती दिवस आहेत हे त्याला नेमके सांगणे आहे. आणि कुलूप बदलणे, वीज तोडणे, सामान बाहेर टाकणे हे मालक मुसलमान असला म्हणून हलाल होत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. पत्रलेखनाच्या तासाला मामाला पत्र, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज हे होतेच. काही वर्षांपासून मी त्यात एक तास वाढवला आहे. फळ्यावर एक बनावट नोटीस लिहिते आणि मुलांना चार प्रश्न विचारते. कुणी पाठवली? काय मागितले आहे? किती दिवस दिले आहेत? ते दिवस कधीपासून मोजायचे? मुलांना शब्द अवघड जात नाहीत. मुदत, दावा, ताबा, करार, मालक, वकील, कायदा, हे सगळे शब्द त्यांच्या उर्दूतून किंवा उर्दूच्या शेजारून मराठीत आलेले. मराठी कायद्याच्या कागदातली निम्मी भाषा त्यांच्या घरचीच आहे, हे कळले की त्यांचे डोळे चमकतात.

मागच्या वर्षी एका मुलाने विचारले, "टीचर, पाकीट घेतलंच नाही तर?" वर्गात हसू पिकले. मी त्यांना खालांची गोष्ट सांगितली. दोनशे चाळीस रुपयांचा हिशेब फळ्यावर मांडला. सातवीच्या वर्गात माणशी किती आले असते ते काढायला लावले. चाळीस मुले होती. माणशी सहा रुपये.

रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. पाकीट बदलले, पोस्टमनचा गणवेश बदलला. सही मागितली जाते ती अजून तशीच. सही करा, तारीख टाका, पाकिटावरची तारीख जपून ठेवा आणि वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे त्याच दिवशी घेऊन जा. बहुतेक मोहल्ल्यांत एखादी तरी शाळा असते आणि शाळेत मराठी शिकवणारे कुणीतरी असतेच.